एकाच गाडीतल्या दोघी

"खाली बस. डोळे मीट. तोंड उघडू नोको."

ग्रामपंचायतीचा शिपाई मला सांगत होता. त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप होता. तुरीवर अळीचं औषध मारतात, तोच. मी गावाच्या फाट्यावर उभी होते. दोन्ही हातांत पिशव्या. मे महिना, दुपारचे दोन. डांबर चपलेला चिकटत होतं.

"कायले बसू?" मी विचारलं.

"बस म्हनलं तं बस ना वो. मले कायले तरास देऊन राह्यली? वरून आदेश हाय."

मी उकिडवी बसले. पिशव्या पोटाशी धरल्या. त्यानं पंपाचा दांडा हलवला आणि नळी माझ्या डोक्यावर धरली. आधी केसांवर. मग तोंडावर. मग पाठीवर. ब्लीचिंगचं पाणी होतं ते. डोळे मिटले होते तरी आत गेलं. नाकात गेलं. घसा सोलल्यासारखा झाला. पिशवीत मायसाठी घेतलेली साडी होती, ती भिजली.

चार-पाच जण लांब उभे राहून मोबाईलवर शूटिंग करत होते. त्यातला एक म्हणाला, "पाठीवर मार अजून. पुन्याचं हाय ते, लवकर मरत नाही." बाकीचे हसले.

दहा पावलांवर एक पांढरी गाडी उभी होती. इंजिन चालू, काचा वर. आत पल्लवी बसली होती. मांडीवर मोबाईल, मान खाली. शिपाई पंप घेऊन गाडीकडं वळला तसा तिला घ्यायला फाट्यावर आलेल्या तिच्या काकानं हात वर केला. "राहू दे. घरी जाऊन आंघोळच करन ती." शिपाई थांबला. गाडी गेली. धूळ माझ्या ओल्या अंगावर बसली.

त्या गाडीतून मी पाच मिनिटांपूर्वीच उतरले होते. दहा तास आम्ही दोघी मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसून आलो होतो.

वाशिम जिल्ह्यात, मेडशीच्या अलीकडं आमचं गाव. वरच्या आळीत पाटलांची, शेतकऱ्यांची घरं. खाली नाल्याला लागून आमचा बौद्धपुरा, तीस-पस्तीस घरं. पल्लवी वरच्या आळीतली. तिच्या वडिलांना गाव नाना म्हणतं. सोयाबीन आणि तुरीची मोठी शेती, गावातलं एकुलतं दुमजली घर. मी आणि पल्लवी पहिलीपासून एका वर्गात. दहावीला मला तिच्यापेक्षा जास्त मार्क होते. ती पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. मी दोन वर्षांनी पुण्याला गेले, कारखान्यात पॅकिंगला. ती शिकत होती, मग मोठ्या कंपनीत लागली. मी बारा तास उभी राहून खोकी चिकटवत होते.

तिचा मला हेवा वाटायचा. आत्ता सांगते म्हणून नाही, तेव्हापासूनच. तिच्या इंग्रजीचा. तिच्या सरळ पाठीचा. तिला कुणी काही विचारत नाही, याचा सगळ्यात जास्त. कुठून आली, कुठं चालली, कोणाची पोर, हे तिला कुणी विचारत नाही. मला सगळेच विचारतात.

लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद झाला. खोलीमालकानं खोली सोडायला सांगितलं. तेवढ्यात पल्लवीचा फोन आला. "अगं, बाबांनी पास काढलाय, गाडी येतेय. येतेस का? सीट आहे." मला रडू आलं. मला वाटलं, शाळेतली ओळख शेवटी कामाला आली. नंतर मायकडून कळलं. पल्लवीच्या आईला पोरीला एकटीला ड्रायव्हरसंगं पाठवायचं नव्हतं. सोबतीला बाईमाणूस पाहिजे होतं.

गाडीत तिनं मला बिस्किटं दिली. तिच्या बाटलीतलं पाणी दिलं. मी वरून प्याले, तोंड न लावता. मलाच सवय आहे.

जिल्ह्याच्या हद्दीवर तंबू होता. तिथं दोघींच्या डाव्या हातावर शिक्का मारला, निळ्या शाईचा. दोघींच्या मोबाईलात एकच अ‍ॅप टाकायला लावलं. नाव, गाव, वय, आधार नंबर, फोटो. ताप आहे का, खोकला आहे का. दोघींनी 'नाही' दाबलं. चौदा दिवस दर दोन तासांनी सेल्फी टाकायची, सकाळी सातपासून सायंकाळी सातपर्यंत. मोबाईल कुठं आहे ते त्यांना दिसणार. सगळं ठीक असलं तर नावापुढं हिरवा ठिपका. चुकलं तर लाल.

तोवर आम्ही दोघी सारख्या होतो. सरकारच्या कागदावर पहिल्यांदा आणि शेवटचं.

फाट्यावर गावच्या कोरोना समितीनं नियम वाचून दाखवला. ज्याच्या घरी वेगळी खोली आणि वेगळा संडास, त्यानं घरी राहायचं. बाकीच्यांनी शाळेत. नियमात जात कुठंच नव्हती. नियम संडासचा होता. आमच्या घरी एक खोली, आणि संडास चार घरांत मिळून एक. पल्लवीच्या घरी वरच्या मजल्यावर तिची खोली, आतच संडास-बाथरूम. ती घरी गेली. मी शाळेत गेले.

त्याच शाळेत मी सातवीपर्यंत शिकले होते. दुसरीच्या वर्गात मला टाकलं. टिनपत्र्याचं छप्पर. एक सतरंजी, एक बादली. शेजारच्या वर्गात नाशिकहून आलेलं एक कुटुंब होतं, तेही आमच्यातलंच. ड्युटीवर एक गुरुजी होते. ते व्हरांड्याच्या टोकाला टेबल टाकून बसायचे. दर तीन तासांनी आमचा ताप मोजायचे, वहीत लिहायचे आणि आमची सही घ्यायचे. बरे होते. बोलायचे कमी. माझ्या डोळ्यांची आग दोन दिवस गेली नाही तेव्हा त्यांनी घरून गुलाबपाण्याची बाटली आणून फळीवर ठेवली.

माय दुपारी डबा घेऊन यायची. गेटाबाहेरच्या दगडावर ठेवायची आणि मागं सरायची. मग मी जाऊन उचलायचे. तिसऱ्या दिवशी ती गेटाबाहेरून म्हणाली, "आयकलं का? नानाच्या पोरीले ताप हाय."

"तुले कोनं सांगतलं?"

"वच्छलानं. काल दोन येळा चादरी धुतल्या म्हने. घामानं चिंब. वरून घरातला वास काढाले धुपन घालून राह्यले."

वच्छला माझी मावशी. मायची चुलत बहीण. नानांच्या घरी गोठा साफ करायची, अंगण झाडायची, कपडे धुवायची. घरात जायची नाही. कपडे मोरीच्या दारातून बाहेर फेकलेले असायचे, ते उचलून धुवायची. नवरा नाही, मूलबाळ नाही. मला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

"मंग डॉक्टरले सांगतलं का त्याईनं?" मी विचारलं.

"त्याईच्या घरचं त्याईले माहीत. तू आपलं पाय."

मी सतरंजीवर जाऊन पडले. पहिला विचार काय आला सांगू? मावशीचा आला नाही. आपल्याला ताप येईल का, हाही आला नाही. मनात आलं, तिला ताप आहे आणि तिचा ठिपका हिरवा आहे. मला ताप नाही आणि मी इथं पत्र्याखाली भाजून राह्यले. तिचा ताप तिच्या घरात राहतो. दार लावलं की संपलं. माझं अंग मात्र गावानं पाहिलं, भिजवलं, शूटिंग केलं. ते शूटिंग तोवर तीन गावांच्या ग्रुपवर फिरलं होतं.

मला त्या दाराचा हेवा वाटला. नुसत्या लाकडी दाराचा.

पाचव्या दिवशी माझा ठिपका लाल झाला.

शाळेत रेंज नव्हती. कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर चढलं की एक-दोन दांड्या यायच्या. मी दर दोन तासांनी टाकीवर चढून सेल्फी टाकायचे. माझा मोबाईल जुना, काच तडकलेली. त्या दिवशी अकराची सेल्फी जाता जाईना. गोल गोल फिरत राहिलं. साडेअकराला गेली. पण मी कुठं आहे ते त्या मोबाईलनं भलतंच दाखवलं. मी टाकीवर होते. अ‍ॅप म्हणालं, मी बौद्धपुऱ्याच्या मागं, नाल्याजवळ आहे.

दुपारी गेटावर मोटरसायकली आल्या. समितीचे लोक, संगं एक पोलीस. नाना समितीचे अध्यक्ष होते. ते तोंडाला पांढरा रुमाल बांधून गाडीवरच बसून राहिले.

"काहून गेल्ती बाहेर?" पोलिसानं विचारलं.

"मी कुठीच नाही गेली."

"खोटं बोलू नोको. आमच्याजवळ सगळं हाय. मोबाईल खोटं बोलते का?"

"गुरुजीले ईचारा ना. अकराले मी अठीच होती. टाकीवर."

गुरुजी उभे राहिले. वही घेऊन दोन पावलं पुढं आले. "साहेब, अकरा वाजता ताप मोजला. सही आहे तिची."

पोलिसानं वही पाहिली सुद्धा नाही. "वही तुमी केव्हाही लिहू शकता गुरुजी. हे सॅटेलाईटवरून येते."

गुरुजी परत खुर्चीवर बसले.

सायंकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर माझा फोटो आला. तोच, हद्दीवर अ‍ॅपसाठी काढलेला. घामेजलेला, केस विस्कटलेले. खाली माझं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, मोबाईल नंबर. आणि लिहिलेलं: 'ही मुलगी नियम मोडून गावात फिरत आहे. दिसल्यास कळवा.' तो फोटो मी कुणाला दिला नव्हता. सरकारला दिला होता.

त्या दिवसापासून अनोळखी नंबरांवरून फोन येऊ लागले. काय बोलायचे ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी मायला दुकानदारानं तेल दिलं नाही. "लांबूनच जा," म्हणाला. आमच्या पुऱ्यातल्या बायकांना शेतातला काडीकचरा वेचायच्या कामावर घेणं बंद झालं. एकीचा ठिपका लाल झाला आणि तीस घरं लाल झाली.

नवव्या दिवशी शाळेतल्या एका मैत्रिणीनं दहावीच्या ग्रुपवर फोटो टाकला. कारंज्याला पल्लवीच्या मामेबहिणीचा साखरपुडा होता. घरच्या घरी, मोजकीच माणसं. मधोमध पल्लवी. जांभळा ड्रेस. तोंडाला काही नाही. दोन्ही हात पुढं केलेले, मेहंदी दाखवायला.

मी फोटो मोठा करून पाहिला. डाव्या हातावर मेहंदी जास्त गर्द होती. खाली निळी कड दिसत होती. शिक्क्याची.

ती कारंज्याला होती आणि तिचा मोबाईल घरी, वरच्या खोलीत. सेल्फी कोण काढत होतं? कुणीच नाही. घरच्या कुणी जुन्या फोटोचाच फोटो काढून टाकला तरी ते अ‍ॅप मानायचं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही माहीत होतं. पण मला तसं करून चाललं नसतं. माझ्यावर गुरुजी होते, गेट होतं, पोलीस होता, रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस होता. तिच्यावर फक्त अ‍ॅप होतं.

मी तो फोटो गावाच्या ग्रुपवर टाकायला घेतला. खाली लिहिलंसुद्धा: 'ही मुलगी नियम मोडून फिरत आहे.' त्यांचेच शब्द. तिचं पूर्ण नाव. तिचा नंबर. बोट बटणावर होतं. मी टाकीच्या पायरीवर बसले होते, ऊन डोक्यावर. मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही. तिला फोन येतील. घाणेरडे फोन. तिची माय दुकानात जाईल आणि दुकानदार म्हणेल, लांबून. तिला फाट्यावर उकिडवं बसवतील.

मग मला दिसलं की हे सगळं होणार नाही. तिच्या मायला दुकानात जावं लागत नाही. तिला कुणी उकिडवं बसवणार नाही. आणि बसवलं, समजा, तर मला काय मिळणार? मला तिचं दार पाहिजे होतं. माझ्यासाठी. मायसाठी. तिचं मोडून माझं लागणार नव्हतं.

मी लिहिलेलं खोडलं. दया आली म्हणून नाही. तो फोटो आजही माझ्याजवळ आहे.

अकराव्या दिवशी मावशीला ताप आला. बाराव्या दिवशी तिला धाप लागली. तेराव्या दिवशी रुग्णवाहिका आली. तिच्या झोपडीसमोरून शाळेच्या मागची कुंपणाची तार दिसते. मी तारेला धरून उभी राहिले. नखशिखांत पांढरे कपडे घातलेल्या दोघांनी तिला चालवत नेलं. तिनं पदर डोक्यावर घेतला होता. गाडीत चढताना ती थांबली आणि मागं वळून आमच्या घराकडं बोट दाखवून काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मायला आलं. "कोंबड्या डालून घेजो."

वाशिमला तिसऱ्या दिवशी ती गेली. आमच्यातल्या कुणाला तोंड पाहायला मिळालं नाही. तिकडंच जाळलं. विहारात त्रिसरण म्हणायलाही चारच माणसं.

चौदा दिवस संपताना घेतलेला माझा घशाचा नमुना निगेटिव्ह आला होता. मी घरी आले. दोन दिवसांनी मला ग्रामपंचायतीत बोलावलं.

टेबलामागं तालुक्याहून आलेले एक साहेब होते, हातात टॅब. बाजूला ग्रामसेवक. भिंतीला खुर्ची टेकवून नाना. मी दारात उभी. बसायला कुणी सांगितलं नाही.

साहेबांनी छापील कागद पुढं सरकवला. "इथं सही कर. बाकी सगळं भरलंय."

मी कागद उचलला.

"वाचायचं काय त्यात? फॉर्मॅलिटी आहे."

मी वाचला. मावशीचं नाव. वय चुकलेलं. खाली छापलेलं होतं, 'संसर्गाचा संभाव्य स्रोत'. त्यापुढं पेनानं माझं नाव. त्यापुढं: 'विलगीकरणाचा भंग करून दि. अमुक रोजी मृताच्या वस्तीत वावर. अ‍ॅपवरील नोंदीनुसार.'

माझ्या मावशीला मी मारलं, असं तो कागद म्हणत होता. आणि खाली माझी सही मागत होता.

"साहेब, मी निगेटिव्ह हाय."

"निगेटिव्ह आत्ता आली. आधी असशील पॉझिटिव्ह. लक्षणं नसतात काहींना."

"त्या दिवशी मी शाळेत होती. गुरुजीच्या वहीत सही हाय माही."

"ते मी पाहिलं. पण लोकेशन वेगळं सांगतंय."

"मंग लोकेशनले ईचारा, मावशीनं कोनाच्या चादरी धुतल्या."

खुर्चीचे पुढचे पाय जमिनीवर आपटले. नाना उभे राहिले होते. "तोंड सांभाळून बोल, पोट्टे. माह्या पोरीच्या गाडीत बसून आली तू. उपकार ईसरली?"

"नाही ईसरली. एकाच गाडीत आलो आमी दोघी. मंग तिचा नमुना काहून नाही घेतला?"

साहेबांनी टॅबवर बोट फिरवलं. खरंच फिरवलं, पाहिलं. आणि म्हणाले, "तिचं स्टेटस पूर्ण चौदा दिवस हिरवं आहे. तशी काही गरजच पडली नाही."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या टॅबवर तेच होतं. त्यांना तेवढंच दिसत होतं आणि तेवढंच पाहायचं होतं. मला वाटायचं सरकारला सगळं दिसतं. म्हणून भ्यायचे. त्या दिवशी समजलं की सरकारला नानाच्या दाराच्या आतलं दिसत नाही. त्याला फक्त आम्ही दिसतो. आणि आम्हीसुद्धा चुकीच्या जागी.

"सही कर," ग्रामसेवक म्हणाले. आवाज मऊ केला. "गुन्हा दाखल होईन लेक. पुढं कुठी नोकरी नाही लागत मंग. सही केली तं इथंच मिटते."

मायला मागं ठेवून आले होते, ती बाहेर ओट्याखाली उन्हात उभी होती. मला पेन दिसत होतं. सही केली असती तर दोन मिनिटांत घरी गेले असते. आजपर्यंत मी अशा किती ठिकाणी सही केली होती. कारखान्यात, खोलीमालकाकडं, हद्दीवरच्या तंबूत. न वाचता. आपल्याला काय कळतं म्हणून. फाट्यावर बस म्हणाले, बसले होते.

"मी सही नाही करत," मी म्हटलं.

"काय?"

"नाही करत. मी मावशीले नाही मारलं. ज्याईनं मारलं त्याईचं नाव तुमाले लिहाचं नसन तं नोका लिहू. पन माहं नाव खोडा."

नाना म्हणाले, "चार बुकं शिकली की असं होते."

मी ग्रामसेवकांच्या टेबलावरचा कोरा कागद घेतला. उभ्यानंच लिहिला, भिंतीवर धरून. मी कुठं होते, कोणत्या वेळी होते, कोणी पाहिलं. मावशी कोणाच्या घरी कामाला होती आणि त्या घरात कोण कधी आजारी होतं. दोन प्रती लिहिल्या. पोच मागितली. दिली नाही. मी बाहेर आले. मायनं विचारलं, "काय म्हनले?" मी म्हटलं, "चल."

तिथून मी शाळेत गेले. गुरुजी कुलूप लावत होते. मी म्हटलं, "गुरुजी, वही पाहिजे. पाचव्या दिवसाचं पान." ते म्हणाले, "वही देता येत नाही मला." मी उभीच राहिले. त्यांनी कुलूप परत उघडलं. वही काढली, टेबलावर ठेवली, ते पान उघडलं. "मी पाणी पिऊन येतो," म्हणाले आणि टाकीकडं गेले. मी त्या पानाचे फोटो काढले. अकरा वाजता. ताप नाही. माझी सही. ते बराच वेळ पाणी पीत होते.

कागद रजिस्टर पोस्टानं तालुक्याला पाठवला, जिल्ह्याला पाठवला.

आठ दिवसांनी पल्लवीचा फोन आला. "तू माझं नाव लिहिलंस?"

"लिहिलं."

"का गं? मी तुला गाडीत आणलं."

"तुले ताप होता का नव्हता?"

ती रडायला लागली. "बाबा म्हणाले कुणाला सांगायचं नाही. मला मावशींचं माहीत नव्हतं गं, खरंच. कपडे कोण धुतं ते मी कधी पाहिलंच नाही. आणि मला भीती वाटली. फाट्यावर तुला केलं ते पाहिलं ना मी. मला वाटलं, मला पण तसंच करतील."

तर तिनं पाहिलं होतं. मान खाली होती, तरी पाहिलं होतं.

"मंग काच खाली काहून नाही केली?" मी विचारलं. तिनं फोन ठेवला.

तिची भीती खरी होती, हे मी मानते. त्या पंपाची कुणालाही भीती वाटेल. पण तिला ताप लपवायला घर होतं. आणि तिच्या लपण्याची किंमत वच्छला मावशीनं दिली, मोरीच्या दारात, साबणाच्या पाण्यात. ती मला विचारते, का गं. आजही तिच्याबद्दल मनात जे येतं त्याला मी दुसरं नाव देत नाही. हेवा आहे. ती आता परदेशात असते. तिच्या नावाला कुठं काही चिकटलेलं नाही. हलकी असेल ती.

माझ्यावर गुन्हा दाखल झाला नाही. नुसती धमकी होती. फोटो ग्रुपवरून कुणी काढला नाही, तो आपोआप खाली गेला. गुरुजींची बदली झाली, मी पुढं शोधलं नाही. मी परत पुण्याला गेले नाही. आता वाशिमला एका खाजगी दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते. नाव लिहिते, आजार लिहिते. पेशंटला जवळ बोलावून हळू विचारते. मोठ्यानं कुणाचा आजार ओरडत नाही. ओरडणाऱ्याला ओरडू देत नाही, मग तो डॉक्टर असला तरी.

दोन वर्षांनी माहितीच्या अधिकारात त्या कागदाची प्रत मिळाली. त्यात मावशीच्या नावाखाली, स्रोताच्या रकान्यात, अजून माझंच नाव आहे. सहीच्या जागी कुणीतरी पेनानं लिहिलंय: 'सही करण्यास नकार.' माझ्या अर्जाचा उल्लेख नाही. वहीच्या पानाचा उल्लेख नाही. प्रकरण बंद, असा शिक्का.

माय म्हणते, "जाऊ दे ना लेक. मेलेलं मानूस वापस येते का? कोन वाचते तो कागद?"

मी वाचते. तेवढं पुरे आहे.

दर वर्षी मी अर्ज करते. दुरुस्तीचा. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला उत्तर आलं, की सदर अ‍ॅप आता वापरात नाही, सबब नोंदीत बदल करता येत नाही. अ‍ॅप बंद झालं आणि त्यानं लिहिलेलं खोटं तसंच राहिलं. त्यावर मी अपील केलं. ते फेटाळलं. त्यावर वरचं अपील टाकलंय.

त्या रकान्यात खरं नाव लिहायचं असेल तर त्यांनी शोधावं. चादरी कुठल्या होत्या, ते सगळ्या गावाला माहीत आहे. हिंमत नसेल तर तो रकाना कोरा ठेवावा. मला चालेल. पण माझ्या मावशीच्या मरणापुढं माझं नाव राहणार नाही. ते खोडून, त्याखाली खोडणाऱ्या साहेबाची सही आणि तारीख घेतल्याशिवाय मी थांबत नाही.